ज्यू प्राथमिक शाळेचा आठवडा कसा असतो? सोमवारी वर्गात सुरू झालेला धडा शुक्रवारी घरी का जातो?

मराठीत वारांना ग्रहांची नावं आहेत. रवी, सोम, मंगळ, बुध वगैरे. हिब्रू भाषेत तसं नाही. तिथे रविवार म्हणजे नुसताच 'पहिला दिवस', सोमवार 'दुसरा', मंगळवार 'तिसरा'. शुक्रवारपर्यंत अशी मोजणी चालते. नाव आहे फक्त सातव्या दिवसाला, म्हणजे शनिवारला. ते नाव आहे शब्बात.

ज्यू प्राथमिक शाळेतलं वेळापत्रक समजून घ्यायचं असेल, तर या मोजणीपासूनच सुरुवात करावी लागते. कारण तिथे सगळा आठवडा शब्बातच्या दिशेने सरकत असतो. पाच-सहा वर्षांची मुलं सोमवारी एक गोष्ट ऐकतात, त्यावर चित्रं काढतात, प्रश्न विचारतात आणि शुक्रवारी दुपारी त्या गोष्टीचा कागद दप्तरात घालून घरी जातात. खरी उजळणी घरी, शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणावर होते.

या शाळांमध्ये नेमकं काय शिकवतात? गणित-विज्ञानाचं काय होतं? खर्च कोण करतं? आणि या शाळांवरून वाद का होतात? ब्रिटनमधल्या ज्यू प्राथमिक शाळांच्या उदाहरणावरून हे समजून घेऊया.

एकाच शाळेत दोन अभ्यासक्रम

ज्यू शाळांमध्ये विषयांचे दोन गट असतात. एक 'कोदेश', म्हणजे पवित्र किंवा धार्मिक विषय. यात हिब्रू वाचन, प्रार्थना, तोराह, सण आणि ज्यू इतिहास येतो. दुसरा 'होल', म्हणजे रोजच्या व्यवहारातले विषय. इंग्रजी, गणित, विज्ञान, भूगोल, कला, खेळ हे सगळं त्यात येतं.

इंग्लंडमधल्या सरकारी अनुदानित ज्यू शाळांमध्ये दोन्ही गट एकाच दिवसात बसवले जातात. सकाळी प्रार्थना, मग गणिताचा तास, त्यानंतर हिब्रू, दुपारी विज्ञान असा क्रम असू शकतो. मुख्य विषय वर्गशिक्षक शिकवतात. धार्मिक विषयांना अनेक ठिकाणी वेगळे शिक्षक असतात.

हिब्रूचा इथे आणखी एक उपयोग होतो. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना प्राथमिक शाळेत परकीय भाषा शिकवणं सक्तीचं आहे. ती आधुनिक असावी की प्राचीन, हे शाळेने ठरवायचं असतं. त्यामुळे ज्यू शाळा फ्रेंच किंवा स्पॅनिशऐवजी हिब्रू निवडू शकतात.

जगभर एकाच आठवड्यात एकच धडा

ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ म्हणजे तोराह. त्यात पाच पुस्तकं आहेत. वर्षभरात ती पूर्ण वाचून व्हावीत म्हणून त्यांचे ५४ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला 'पाराशा' म्हणतात. दर आठवड्याला एक पाराशा असते आणि काही आठवड्यांत दोन एकत्र येतात. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये ती पूर्ण वाचली जाते. तिचा सुरुवातीचा भाग त्याआधी सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात.

वाचनाचं वर्ष संपतं सिम्हात तोराह या सणाला. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. शेवटचा भाग वाचून झाला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होते.

याचा शाळेला मोठा फायदा असा, की या आठवड्यात काय शिकवायचं हे आधीच ठरलेलं असतं. लंडन, न्यूयॉर्क, मेलबर्न किंवा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये त्या आठवड्याचं वाचन साधारणपणे एकच असतं. इस्रायल आणि बाकीच्या देशांत सणांच्या तारखांमुळे काही वेळा थोडा फरक पडतो, तेवढाच.

म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सृष्टीच्या निर्मितीची गोष्ट, पुढच्याच आठवड्यात नोहाची नाव आणि महापूर, मग अब्राहमचा प्रवास. डिसेंबरच्या सुमारास योसेफ आणि त्याच्या भावांची गोष्ट येते. जानेवारीत मोझेस आणि इजिप्तमधून सुटका. इथपर्यंत लहान मुलांना सांगायला गोष्टीच गोष्टी असतात. त्यानंतर मात्र लेव्हिटिकसचं पुस्तक येतं. त्यात यज्ञबळी आणि शुद्धतेचे नियम आहेत. सहा वर्षांच्या मुलाला ते सांगणं अवघड असतं. नेमका तेव्हाच वसंतातला पेसाह सण जवळ येतो आणि वर्गाचं लक्ष त्याच्या तयारीकडे वळतं.

सोमवार ते गुरुवार: वर्गात काय चालतं?

एकच पाराशा प्रत्येक वयाच्या वर्गात वेगळी शिकवली जाते. नोहाचंच उदाहरण घ्या.

पाच वर्षांची मुलं पुठ्ठ्याची नाव बनवतात आणि प्राण्यांच्या जोड्या लावतात. याच वयात हिब्रू अक्षरओळखही सुरू असते. हिब्रूत २२ अक्षरं आहेत आणि लिखाण उजवीकडून डावीकडे जातं. इंग्रजी डावीकडून आणि हिब्रू उजवीकडून, अशा दोन्ही सवयी मुलांना एकाच वेळी लागतात. स्वर दाखवायला अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा देतात. आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारखंच हे काम. फरक इतकाच, की मोठ्यांच्या रोजच्या हिब्रूत ही चिन्हं गाळलेली असतात.

सात-आठ वर्षांची मुलं तीच गोष्ट मूळ हिब्रूत, एक-एक ओळ करून वाचायला लागतात. प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलाला पहिलं प्रार्थनापुस्तक, म्हणजे 'सिद्दूर' मिळतं. पुढे तोराहची पाच पुस्तकं असलेलं 'हुमाश' मिळतं. दोन्ही वेळा अनेक शाळांत छोटा समारंभ होतो आणि आजी-आजोबांनाही बोलावतात.

दहा-अकरा वर्षांची मुलं एक पाऊल पुढे जातात. त्यांना राशी या अकराव्या शतकातल्या फ्रेंच भाष्यकाराची ओळख होते. राशीचं भाष्य वाचताना शिक्षक एक नेहमीचा प्रश्न विचारतात: "राशीला इथे नेमकं काय खटकलं?" म्हणजे आधी उत्तर समोर असतं आणि मुलांनी त्यामागचा प्रश्न शोधायचा असतो. नोहाबद्दल तोराह सांगते की तो 'त्याच्या पिढीत' नीतिमान होता. मग त्याच्या पिढीपुरताच का? चांगल्या लोकांत तो साधाच वाटला असता का? राशीने दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत. मुलांनी आपली बाजू निवडून कारण द्यायचं.

हा अभ्यास बऱ्याचदा जोडीने होतो. त्याला 'हावरुता' म्हणतात. दोघांनी एकच उतारा वाचायचा आणि एकमेकांचं म्हणणं तपासायचं. शेवटी एकमत झालंच पाहिजे असं काही नाही.

धडे वर्गाबाहेरही चालू असतात. जेवणानंतर सगळी मुलं एकत्र आभाराची प्रार्थना म्हणतात. शाळेचं स्वयंपाकघर कोशर असतं. तिथे मांस आणि दूध एकत्र येत नाही. डबा आणायची परवानगी असेल, तर त्यालाही नियम असतात.

शुक्रवारी काय होतं?

शुक्रवारी शाळेत 'कब्बालात शब्बात', म्हणजे शब्बातचं स्वागत होतं. लहान वर्गांत दर आठवड्याला एक मूल 'शब्बातची आई' आणि एक मूल 'शब्बातचे बाबा' होतं. मेणबत्त्यांवरचा आशीर्वाद म्हटला जातो. वाइनऐवजी द्राक्षाचा रस असतो. 'हाला' नावाच्या वेणीसारख्या गुंफलेल्या पावाचे तुकडे वाटले जातात. दानाचा डबा वर्गात फिरतो आणि मुलं त्यात घरून आणलेली नाणी टाकतात. या दानाला 'त्सेदाका' म्हणतात. तो शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यामुळे देणं हे उपकार नसून कर्तव्य आहे, असं मुलांना शिकवलं जातं.

शब्बात शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी सुरू होतो. डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात शुक्रवारी ज्यू शाळा लवकर सुटतात. हा बुडालेला वेळ इतर दिवशी भरून काढावा लागतो.

जाताना मुलांच्या हातात पाराशाचा कागद असतो. त्यावर गोष्टीचा सारांश आणि दोन-चार प्रश्न असतात. आई-बाबांनी ते जेवताना विचारायचे. काही घरांत आई-बाबांना स्वतःलाच उत्तरं माहीत नसतात. मग मूल सांगतं आणि मोठे ऐकतात. धर्म फारसा न पाळणारी अनेक कुटुंबंही मुलांना या शाळांत पाठवतात. तिथे शुक्रवारचा हा कागद मुलाबरोबरच पालकांचाही धडा असतो.

ही पद्धत आली कुठून?

पूर्वी मुलाला तोराह शिकवणं हे वडिलांचं काम होतं. मग वडील नसलेल्या मुलांचं काय? तालमुद या ग्रंथात याबद्दल एक माहिती येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गामला या मुख्य पुरोहिताने गावोगावी शिक्षक नेमण्याची आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची व्यवस्था लावली.

तालमुदात वर्ग किती मोठा असावा हेही दिलं आहे. २५ मुलांना एक शिक्षक. ४० मुलं झाली तर गावाच्या खर्चाने एक मदतनीस. ५० झाली तर दोन शिक्षक. एका वर्गात साठ-सत्तर मुलं बसवणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेला आजही विचार करायला लावणारे हे आकडे आहेत.

पैसे कोण देतं, तपासणी कोण करतं?

इंग्लंडमधल्या अनेक ज्यू प्राथमिक शाळा 'व्हॉलंटरी एडेड' प्रकारच्या आहेत. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ही व्यवस्था आणली. शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च सरकार करतं. इमारतीच्या कामाचा काही वाटा शाळा उचलते. राष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवावाच लागतो.

धार्मिक शिक्षणाच्या जादा खर्चासाठी पालकांकडे वर्गणी मागितली जाते. ती ऐच्छिक असते. दिली नाही म्हणून मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही.

तपासणीही दोन प्रकारची होते. सर्वसाधारण शिक्षण 'ऑफस्टेड' ही सरकारी संस्था तपासते. धार्मिक शिक्षणाची तपासणी वेगळी असते. अनेक ज्यू शाळांसाठी ती 'पिकुआह' ही ज्यू समाजाची व्यवस्था करते.

आणखी एक खर्च आहे, सुरक्षेचा. मार्च २०१२ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एका ज्यू शाळेवर हल्ला झाला. त्यात एक शिक्षक आणि तीन मुलांचा जीव गेला. ब्रिटनमध्ये ज्यू शाळांच्या पहारेकऱ्यांसाठी २०१० पासून सरकारी निधी मिळतो. फाटकावरचा पहारेकरी आणि उंच कुंपण हा या मुलांच्या रोजच्या शाळेचाच भाग झाला आहे.

वाद कशावरून होतात?

पहिला वाद वेळेचा. वर सांगितलेल्या शाळांत दोन्ही गटांना जागा मिळते. पण अतिकर्मठ हरेदी समाजाच्या काही खासगी शाळांत, विशेषतः मुलग्यांच्या, दिवसाचा बराच वेळ धर्मग्रंथांना जातो. गणित आणि इंग्रजीला थोडाच वेळ उरतो. पालकांना हवं तसं शिक्षण देण्याचा हक्क आहे, असं समाज म्हणतो. अशा शाळांतून बाहेर पडलेले काही तरुण म्हणतात, आम्हाला नोकरीपुरतंही शिक्षण मिळालं नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये यासाठी नियम केले. खासगी शाळांचं शिक्षण सरकारी शाळांच्या तोडीचं आहे की नाही, हे त्यानुसार तपासलं जाणार होतं. त्यावरून तिथे मोठा संघर्ष झाला.

दुसरा वाद प्रवेशाचा. ज्यू कोणाला म्हणायचं? पारंपरिक नियम सांगतो की आई ज्यू असेल तर मूल ज्यू. लंडनच्या 'जेएफएस' या माध्यमिक शाळेने याच नियमावर प्रवेश नाकारला, तेव्हा प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला, की हा निकष वंशभेदाच्या कायद्याविरुद्ध आहे. त्यानंतर ज्यू शाळांना वंशाऐवजी धर्माचरणाचे निकष लावावे लागले. जसं की, कुटुंब सिनेगॉगमध्ये किती वेळा जातं.

मुलंच ज्यू नसतील तर?

असंही घडतं. बर्मिंगहममधल्या किंग डेव्हिड प्राथमिक शाळेत बहुसंख्य मुलं मुस्लिम आहेत. शहरातली ज्यू वस्ती घटली, पण शाळा ज्यूच राहिली. हलालच्या जवळ जाणारं कोशर जेवण आणि धर्म मानणारं वातावरण अनेक मुस्लिम पालकांना आपलं वाटतं. स्कॉटलंडमध्ये कॅल्डरवूड लॉज ही एकमेव ज्यू प्राथमिक शाळा आहे. ती २०१७ पासून एका कॅथलिक शाळेसोबत एकाच आवारात भरते.

याचं सर्वात जवळचं उदाहरण मुंबईत आहे. कोकणात तेल गाळणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शब्बात त्यांनी जपला होता, पण हिब्रू बरीचशी विसरली गेली होती. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहच्या रात्री वाचायचं 'हग्गादा' मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्या रात्री घरातल्या सर्वात लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात. ते त्याला आता मराठीतही कळू लागले.

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बेने इस्रायली मुलांसाठी शाळा सुरू झाली. तीच आजची माझगावची सर एली कदुरी शाळा. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली कुटुंबं इस्रायलला गेली. आज या शाळेत प्रामुख्याने आसपासच्या वस्तीतली मुस्लिम मुलं शिकतात.

इमारत, शिक्षक आणि पाठ्यपुस्तकं असूनही आठवड्याचा तो धडा पुढे चालायला आणखी एक गोष्ट लागते. शुक्रवारी मूल घरी पोहोचल्यावर "आज काय शिकलास?" असं विचारणारं कोणीतरी असावं लागतं.