शिरोडकरांचा टाका

चोरओटी भरून झालेली असावी, डोहाळजेवणाच्या गोष्टी घरात निघू लागाव्यात आणि पाचव्या महिन्यात, फारशा कळाही न येता, गर्भ गळून पडावा. हा प्रसंग एखाद्या स्त्रीवर एकदा नव्हे, चार-चार वेळा यावा, याहून मोठे दुःख कोणते? पूर्वी अशा स्त्रीच्या पदरी दुःखाबरोबर दोषही येई. कोणी तिच्या नशिबाला बोल लावी, कोणी दृष्ट काढी, कोणी जड हंडा उचलल्याचे निमित्त सांगे. वैद्यकापाशीही विश्रांती आणि औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते. या स्त्रियांना मातृत्वाची वाट दाखविणारा शल्यविशारद गोमंतकाच्या मातीत जन्मला होता.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली झाला. त्यांचे आडनाव फोंड्याजवळच्या शिरोडा गावावरून आलेले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी १९२७ साली प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोगशास्त्र या विषयांत एम. डी. ही पदवी मिळविली. १९३१ साली इंग्लंडमध्ये ते एफ. आर. सी. एस. झाले. तेथून परतल्यावर मुंबईतील रुग्णालयांत त्यांनी सेवा केली आणि आपल्याच कॉलेजात ते प्राध्यापक झाले.

चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे येत. त्यांना तपासताना डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. अशा अनेक स्त्रियांचा गर्भ निकोप असे. गर्भाशयाचे मुख मात्र दुबळे असे. गर्भाचा भार वाढू लागला की ते वेळेपूर्वीच उघडे. मुखाच्या या सैलपणाचा उल्लेख सतराव्या शतकातील एका इंग्रजी वैद्यकग्रंथातही आढळतो. रोग जुना होता. खात्रीचा उपाय मात्र सापडला नव्हता.

शिरोडकरांनी योजिलेला उपाय घरगुती उदाहरणाने समजावा असा आहे. चंचीची दोरी ओढली की तिचे तोंड मिटते आणि आतला ऐवज सुरक्षित राहतो. त्याचप्रमाणे त्यांनी गर्भाशयमुखाभोवती, आतल्या द्वाराच्या पातळीवर, एक पट्टी गुंफून मुख आवळले. ही पट्टीही त्या स्त्रीच्याच मांडीच्या स्नायूवरील चिवट आवरणातून काढलेली असे. मूत्राशय जपून वर सारल्याशिवाय त्या पातळीपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून कल्पना सोपी असली, तरी हात कसबीच लागतो.

१९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धती प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी टाक्याची अधिक सोपी रीत सुचविली. आज या दोन्ही पद्धती जगभरच्या प्रसूतिगृहांत वापरल्या जातात. मांडीतील पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली आहे, आणि मुखाची लांबी ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजता येते. प्रत्येक गर्भपाताचे कारण हेच नसते. म्हणून टाका कोणाला घालावा आणि कोणाला घालू नये, हे पारखणे आजही महत्त्वाचे मानले जाते.

गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारावरही शिरोडकरांनी शस्त्रक्रिया बसविली, तसेच कुटुंबनियोजनाच्या कार्यास हातभार लावला. १९६० साली त्यांना पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. त्याच १९७१ साली त्यांचे निधन झाले.

गोव्यातील त्या लहानशा गावाचे नाव शस्त्रक्रियागृहांत दूरदूरच्या डॉक्टरांच्या तोंडी आजही येते. पण या टाक्याने केवळ गर्भाशयाचे मुख बंद केले असे नाही. व्यंग शरीराचे आहे, बाईच्या नशिबाचे नव्हे, हे सिद्ध करून त्याने बोल लावणाऱ्यांचेही तोंड बंद केले.