जन्मजात दोषाचा जुना सिद्धान्त

मेंदूच्या धमनीला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, असल्याचं निदान झालं की नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नस जन्मतःच कच्ची होती, त्याला कोण काय करणार?’ या वाक्यामागे एक प्रतिष्ठित सिद्धान्त उभा आहे. धमन्यांना जिथे फाटे फुटतात तिथे स्नायूच्या थरात खंड असतात, हे दाखवून अमेरिकेतल्या वायली फोर्बस यांनी १९३० साली ॲन्युरिझमचं मूळ त्या जन्मजात उणिवेत शोधलं. मांडणी सुटसुटीत होती आणि पाठ्यपुस्तकांत ती दशकानुदशकं टिकली.

पूर्वपक्षात तथ्य आहे. मेंदूच्या धमन्या खरोखरच नाजूक असतात. शरीरातल्या इतर धमन्यांना असतो तसा बाहेरचा लवचीक पडदा त्यांना नसतो, स्नायूचा थरही पातळ. काही घराण्यांत हा विकार जास्त आढळतो आणि मूत्रपिंडात गाठी होण्याच्या आनुवंशिक रोगातही त्याचं प्रमाण वाढतं. पण एवढ्यावरून ‘जन्मजात’ हा निष्कर्ष निघत नाही. ग्लिन नावाच्या संशोधकांनी १९४० मध्येच दाखवलं की असे खंड ॲन्युरिझम नसलेल्या माणसांच्या धमन्यांतही तितकेच सापडतात. सगळ्यांकडे असलेली गोष्ट काहींच्याच रोगाचं कारण कशी ठरेल? शिवाय दोष जन्माचा असता तर हा विकार लहान मुलांत वारंवार दिसायला हवा होता. प्रत्यक्षात मुलांत तो विरळा. तो भेटतो बहुतेक चाळिशी-पन्नाशीत. जपानच्या नोबुओ हाशिमोतो यांनी तर १९७८ साली उंदरांची मानेतली धमनी बांधून, रक्तदाब वाढवून आणि कोलॅजन दुबळं करणारं द्रव्य देऊन मेंदूत ॲन्युरिझम घडवून दाखवले.

घडतं काय, ते पाहू. धमनी म्हणजे रबरी नळी नव्हे. तिचं आतलं अस्तर रक्ताचा प्रवाह ‘ओळखतं’. फाट्यापाशी प्रवाहाचा मारा बसतो, अस्तर दुखावतं, दाह सुरू होतो. मॅक्रोफेज या दाहपेशी भिंतीत शिरतात आणि त्यांची विकरं लवचीक धागे व कोलॅजन कुरतडतात. दुसऱ्या बाजूला स्नायुपेशी नवं कोलॅजन विणून डागडुजी करत असतात. या दोन कामांतला तोल हेच भिंतीचं आरोग्य. फिनलंडमधल्या फ्रोसेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ६६ ॲन्युरिझमच्या भिंती तपासल्या. फुटलेल्यांत अस्तर झडलेलं, स्नायुपेशी मेलेल्या आणि दाहपेशी जास्त. न फुटलेल्यांपैकी काहींची भिंत मात्र अगदी नीटस होती.

म्हणूनच ‘लहान आहे, चिंता नको’ हा दुसरा समजही अपुरा आहे. आकार वाढला की धोका वाढतो, हे खरंच. पण जपानमध्ये ५,७२० रुग्णांच्या पाहणीत (२०१२) फुटण्याचं सरासरी प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के निघालं, तेव्हा जागेचाही वाटा दिसला: पुढच्या व मागच्या जोडधमन्यांवरचे ॲन्युरिझम मेंदूच्या मधल्या धमनीवरच्यांपेक्षा जवळपास दुप्पट धोक्याचे ठरले. फुग्यावर दुसरा छोटा फुगा असणं हेही वाईट लक्षण. मिलिमीटर मोजले म्हणजे भिंत कळली, असं होत नाही.

आणि भिंत बिघडवणारी दोन मोठी कारणं आपल्या आवाक्यातली आहेत: धूम्रपान आणि उच्च रक्तदाब. फिनलंडमध्ये १९९८ ते २०१२ या काळात धूम्रपान घटलं आणि पन्नाशीच्या आतल्यांत ॲन्युरिझम फुटल्यावर होणारा मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्रावही ठळकपणे घटला. पंधरा वर्षांत एका राष्ट्राची जनुकं बदलत नाहीत. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण धूम्रपान हा स्वतंत्र धोका असल्याचं इतर अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे.

तेव्हा ज्यांना हे निदान मिळालं आहे त्यांना कळकळीची विनंती: बिडी-सिगारेट आजच सोडा, रक्तदाब नियमित मोजा, आणि डॉक्टरांना आकारासोबत जागा आणि घडण कशी आहे तेही विचारा. जवळच्या नात्यातल्या दोघांना हा विकार असेल तर इतरांच्या तपासणीबद्दल सल्ला घ्या. आणि अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी झाली, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठा.