जेववत नाही : एका वाक्यातली पीएचडी



परवा इथे मॉरिसव्हिलला एका घरी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मला भाषाशास्त्रात पीएचडी करायचीय." सगळे गप्प! म्हटलं, थोडा इतिहास सांगावा.

पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि भाषाशास्त्राला आपल्याकडे हक्काचं घर मिळालं. पुढे अशोक केळकर अमेरिकेत आले. १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मराठीचे ध्वनी आणि शब्दांची घडण यांवर पीएचडी केली. म्हणजे आधी उच्चार, मग शब्द. वाक्य आणि अर्थ यांच्याकडे लक्ष वळायला वेळ लागला. १९८१ साली राजेश्वरी पंढरीपांडे यांनी इलिनॉय विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांतल्या कर्मणी रचनेचा वाक्यरचना आणि अर्थ अशा दोन्ही अंगांनी प्रबंध लिहिला. १९९७ मध्ये त्यांचं मराठीचं विस्तृत व्याकरण इंग्रजीत आलं.

यात संशोधन करण्यासारखं काय आहे? हे बघा. पाहुणा "मी जेवत नाही" म्हणाला तर यजमानीण दुखावते. "मला आता जेववत नाही" म्हणाला तर हसून ताट उचलते. क्रियापदाचं रूप बदललं, कर्त्याला 'ला' लागला, ही वाक्यरचना. नकाराची असमर्थता झाली, हा अर्थ. आणि यजमानिणीचा मान राहिला, हा वापर!

हा फरक आपल्या कानाला आपोआप कळतो. आपल्या मुलांना तो कळेनासा होण्याआधी कुणी अभ्यासणार असेल, तर "नोकरी मिळेल का?" हा प्रश्न जरा उशिरा विचारूया.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.