तारीख कोणाची? : कोल्हापूरच्या कलाव्यवहारातील सवडीचा इतिहास

नाटक-सिनेमाच्या व्यवहारात ‘तारखा देणे’ हा वाक्प्रयोग आता इतका रुळला आहे की त्यातील नवल कोणाला जाणवत नाही. तिथी ही कोणी कोणाला देत नाही. ती पंचांगात असते आणि सर्वांची असते. तारीख मात्र दिली जाते, घेतली जाते, अडवली जाते आणि सोडलीही जाते. म्हणजे ती कोणाच्या तरी मालकीची असते. आपली सवड आपल्या संस्थेबाहेरच्या माणसाला कळवणे ही आज कार्यालयीन सोयीची बाब वाटते. तिच्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे : माणसाच्या वेळेवर हक्क कोणाचा? कोल्हापूरच्या कलाजीवनाच्या आधारे त्याचा मागोवा घ्यावा, असे आम्हांस वाटते.

आरंभ दरबारापासून करावा लागतो. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई होते. राजाश्रयाच्या व्यवस्थेत गायकाचा योगक्षेम दरबार चालवी आणि त्याची वेळही दरबारचीच असे. गवयाला सवड आहे काय, हे बाहेरच्याने विचारायचे ते त्याच्या आश्रयदात्याला. महाराजांच्या निधनानंतर खाँसाहेब मुंबईस गेले. तेथील धनिकांच्या बैठका आणि शिष्यांच्या शिकवण्या यांत त्यांचा दिवस वाटला गेला. आश्रय संपला, की कलावंताचा दिवस त्याचा स्वतःचा होतो. पण त्याच वेळी तो अनेकांनी मागावा असाही होतो.

नाटक मंडळींची रीत निराळी होती. मंडळींचे बिऱ्हाड एकत्र, पंगत एकत्र, मुक्कामही एकत्र. नटाला तारीख विचारण्याचा प्रसंगच येत नसे. मंडळीची तारीख तीच नटाची तारीख. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांचे अपत्य निवर्तले आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही हकीकत मराठी रंगभूमीवर सदैव सांगितली जाते. कलानिष्ठेचा आदर्श म्हणून ती सांगतात. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते. जाहीर झालेली तारीख मागे घेण्याचा अधिकार त्या व्यवस्थेत नटाला जवळजवळ नव्हताच.

याच परंपरेत दोन स्वतंत्र मंडळींनी आपापल्या तारखा परस्परांना खुल्या केल्याचा एक अपूर्व प्रसंग घडला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. भामिनी गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. हा प्रयोग स्वरांच्या स्पर्धेसाठी स्मरला जातो. परंतु दोन्ही मंडळींचे मुक्काम, तालमी आणि उत्पन्नाच्या रात्री वेगवेगळ्या होत्या, आणि प्रतिस्पर्ध्यापुढे आपली मोकळी रात्र उघड करणे म्हणजे आपल्या धंद्याची स्थितीच उघड करणे. ते साधले, कारण हेतू दोघांहूनही मोठा होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ मध्ये पूर्ण झालेले पॅलेस थिएटर पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

सिनेमा आला आणि या प्रश्नाला कराराचे रूप मिळाले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. स्टुडिओ हा एक प्रकारचा कारखाना होता. नट, तंत्रज्ञ, संगीतकार, सारे मासिक पगारावर. बाहेरच्या निर्मात्याला त्यांची सवड विचारण्याची सोय नव्हती, कारण करारानुसार सवड नावाची वस्तूच त्यांच्यापाशी नव्हती. काम नसलेला दिवसही कंपनीचाच.

या व्यवस्थेला लखलखीत आव्हान दिले ते शांता आपटे यांनी. कराराच्या आणि पगाराच्या वादातून १९३९ मध्ये त्यांनी प्रभातच्या दारातच उपोषण केले. १९४० मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. तत्कालीन वृत्तपत्रांना त्या उपोषणात नटीचा हट्ट दिसला असेल. आज वाचणाऱ्याने त्यात श्रमाच्या वेळेवरील हक्काचा प्रश्न पाहावा. स्त्री-कलावंताच्या बाबतीत तो दुहेरी होता, कारण तिची वेळ कंपनीच्या आधी घराने आपली मानलेली असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओंची ती पकड सुटली. नाटकातही बिऱ्हाडाची जागा ‘नाइट’ने घेतली : प्रयोगागणिक मोबदला. एकच नट दोन-तीन संस्थांच्या नाटकांत काम करू लागला आणि त्याच्या खिशातली डायरी हा रंगभूमीचा कणा झाला. नाट्यगृहाची तारीख, कॉन्ट्रॅक्टरची तारीख आणि चारही प्रमुख नटांची तारीख एकत्र येईल तेव्हाच प्रयोग लागे. व्यवस्थापकाचे कसब या जुळवाजुळवीत. या व्यवहाराने एक नाजूक शिष्टाचारही घडवला. ‘ती तारीख नाही’ एवढेच सांगायचे. ती का नाही, हे विचारायचे नाही. तेथे दुसऱ्या संस्थेचा प्रयोग असेल, घरचे लग्न असेल, किंवा नुसती विश्रांतीही असेल.

आम्हांस विशेष वाटते ते असे की, हाच शिष्टाचार पुढे यंत्राच्या भाषेत अवतरला. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीसाठी १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ नावाचे मानक प्रसिद्ध झाले. काम कोणते हे न सांगता केवळ ‘मोकळा’ वा ‘व्यस्त’ एवढेच कळवण्याची तरतूद त्यात स्वतंत्रपणे केलेली होती. संस्थेबाहेरच्याला चौकट दाखवावी, तपशील नव्हे, हा त्यामागील विचार. नाटकाच्या व्यवस्थापकाला तो कोणी शिकवावा लागला नसता.

फरक एवढाच की डायरी कलावंताच्या खिशात होती. आजच्या नोकरदाराची दिनदर्शिका संस्थेच्या यंत्रणेवर असते, आणि बाहेरच्याला काय दिसावे हे पुष्कळदा संस्था ठरवते. त्यातील रिकामा चौकोन म्हणजे उपलब्धता, असे गृहीत धरले जाते. प्रभातच्या करारातील कामाविना गेलेला दिवस आणि हा रिकामा चौकोन यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. ‘तारीख’ हा शब्द ज्या भाषेतून मराठीत आला, त्या अरबीत त्याचा अर्थ इतिहास असाही होतो. आपली सवड आपण देतो की ती आपल्याकडून घेतली जाते, हे ठरवताना हा दुसरा अर्थही जवळ असू द्यावा.