मगनदीपाचा हिशेब

सावंगी (मेघे) म्हटले की आज वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे विस्तीर्ण रुग्णालय आठवते. तेथून जवळच, वर्धा शहरातील मगनवाडीत, एका ख्रिस्ती हिशेबतपासनिसाने साध्या राहणीचा जो अर्थ लावला, तो मात्र आम्हां मराठी वाचकांच्या विस्मरणात गेला आहे.

जे. सी. कुमारप्पा (१८९२-१९६०) हे मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये सनदी लेखापाल झाले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि विलायती पोशाखाची जागा खादीने घेतली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस म्हणून ते मगनवाडीत राहिले.

तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांचे प्रयोग चालत. त्यांतच 'मगनदीप' नावाचा कंदील घडला. तो रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळे. कुमारप्पांचा युक्तिवाद लेखापालाला शोभेसा होता: खनिज तेल हा संपणारा साठा, साठ्यासाठी राष्ट्रे लढणार, तेलबिया मात्र दरवर्षी पिकतात. वस्तूच्या किमतीत तिच्यामागची हिंसाही मांडली पाहिजे.

'भारत छोडो'नंतरच्या तुरुंगवासात त्यांनी येशूच्या आचारविचारांवर एक आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक, असे दोन ग्रंथ लिहिले. दोन्ही १९४५ साली प्रसिद्ध झाले. हा योगायोग आम्ही मानत नाही. परोपजीवी अर्थव्यवस्थेपासून सेवेच्या अर्थव्यवस्थेपर्यंत त्यांनी चढती श्रेणी लावली. शेजाऱ्यावर प्रेम करा या आज्ञेचे ते आर्थिक रूपच होय.

मराठी ख्रिस्ती परंपरेला त्याग नवा नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले. टिळकांनी स्वतःच्या मिळकतीकडे पाहिले. कुमारप्पांनी आपल्या उपभोगाची किंमत कोण मोजतो, हे विचारले.

विजेपुढे मगनदीप टिकला नाही, हे खरेच. शिवाय गावात रुग्णालय उभे राहणे ही संपन्नता आहे, चंगळ नव्हे. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. परंतु साधेपणा ही केवळ वैयक्तिक आवड ठरली, की ती दिवाणखान्याची शोभा होते. नाताळच्या खरेदीत असो वा दिवाळीच्या, पावतीवर न छापलेली रक्कम कोणाच्या खात्यातून गेली, एवढे विचारण्याचे बळ श्रद्धेने आम्हांस दिले नाही, तर त्या श्रद्धेचा ताळेबंद अपुराच राहील.