गडावरची चित्रं आणि पायथ्याची गाडी



मघाशी दारातच एका मित्रानं विचारलं, "सर, आज इतिहासाचं व्याख्यान आहे की खेळण्यांचं?" मी म्हटलं, दोन्हींचं. कारण आपल्याकडे बहुतेक पोरांना इतिहास पहिल्यांदा भेटतो तो पुस्तकात नाही, दिवाळीच्या किल्ल्यावर. सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा, पोती गोळा करायची, वर चिखल थापायचा, हाळीव नाहीतर मोहरी पेरायची, आणि मग बाजारातून चित्रं आणायची. आपल्या भागात या मातीच्या नि प्लास्टरच्या बाहुल्यांना 'चित्रं'च म्हणतात. सिंहासनावर महाराज, भालदार-चोपदार, ढाल-तलवारवाले मावळे, एक तोफ, गुहेत वाघ. पायथ्याला गवळण, आणि मिळाली तर एखादी बैलगाडी.

आजचा विषय ही शेवटची बैलगाडी आहे. ती आपण मांडतो, पण कुठं मांडतो? गावात. 'हे गडाखालचं खेडं' म्हणून, शोभेला. लढाईच्या हिशेबात ती आपण धरत नाही. माझं म्हणणं असं, की तिथंच आपला इतिहास चुकतो.

आता थोडं लांब जाऊ. युरोपात लढाईचा खेळ टेबलावर मांडायचा छंद जुना आहे. प्रशियाच्या सैन्यानं १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा असा खेळ स्वीकारला. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच. पुढं १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं खेळण्यातल्या शिपायांनी लढाई कशी खेळायची याच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं. आज जगभर हजारो लोक इंच-सव्वा इंच उंचीचे शिपाई विकत घेतात, बारीक कुंचल्यानं रंगवतात आणि फूटपट्टीनं चाल मोजून लढवतात.

त्यातला एक मोठा गट 'उत्तर मध्ययुगा'चा. त्यांच्या लेखी हा काळ साधारण १३५० ते १५००. आणि या गटाची आवडती वस्तू कोणती? घोडेस्वार नव्हे, गाडी! त्याला कारण आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, १४२० च्या सुमारास यान झिझ्का नावाच्या सेनापतीनं शेतकऱ्यांच्या मालगाड्यांना जाड फळ्या ठोकल्या, त्या एकमेकींना साखळीनं बांधल्या आणि आत बंदुका-तोफा ठेवल्या. चिलखती सरदारांचे घोडे त्या गाड्यांच्या भिंतीवर येऊन फुटले. म्हणून त्या छंदात गाडी हवीच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १५२६ ला पानिपतावर बाबरानं सातशे गाड्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधल्या आणि त्यांच्या आडून बंदुका चालवल्या, असं तो स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगतो. ही रूमी, म्हणजे उस्मानी तुर्कांची पद्धत, असंही तो म्हणतो. म्हणजे गाडी हे इथंही लढाईचं साधन होतं.

बुद्धिबळाचंच बघा. जुन्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगं. कोपऱ्यात उभा असायचा तो रथ. आज आपल्या पटावर कोपऱ्यात हत्ती आहे आणि हत्तीच्या जुन्या जागी उंट आला. चाकाचं वाहन पटावरून पार गेलं. किल्ल्यावरून जातं तसंच.

बरं, आता घरी येऊ. इथून पन्हाळा काही लांब नाही, आपण सगळे जाऊन आलोय. तिथलं अंबरखाना पाहिलंत ना? गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. पोरं तिथं आत जाऊन ओरडतात, आवाज घुमतो, फोटो काढतात आणि बाहेर येतात. मी मात्र विचारतो, हे धान्य वर आलं कसं?

१६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. चारेक महिने महाराज आत होते. जुलैत, भर पावसात, ते विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद, बाजीप्रभू, घोडखिंड, हे आपल्याला पाठ आहे, आणि पाठ असायलाच हवं. पण ते चार महिने गड टिकला कशावर? कोठारातल्या दाण्यावर. आणि खाली चिखलात बसलेली जौहरची फौज टिकली कशावर? रोज येणाऱ्या रसदेवर. वेढा म्हणजे दोन पोटांची लढाई, असं मी वर्गात सांगायचो.

टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच शतकात हिंदुस्थानात फिरत होता. त्यानं लिहून ठेवलंय, की दहा-बारा हजार लादलेल्या बैलांचे तांडे रस्त्यानं चालत. गाड्यांचा काफिला असला तर शंभर-दोनशे गाड्यांचा. एकेका गाडीला दहा-बारा बैल आणि सोबत चार शिपाई. गाडीवरून दोन दोर टाकलेले असत, त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी त्या शिपायांच्या हातात. गाडी एका अंगाला कलली की पलीकडच्यांनी दोर ओढून धरायचा. करा हिशेब! शंभर गाड्यांना चारशे शिपाई आणि किमान हजार बैल. एका माणसामागं अडीच बैल. आपल्या किल्ल्यावर वीस मावळे असतात आणि बैल किती? दोन, तेही गवळणीशेजारी.

अजून एक. गाडी देशावरची. सह्याद्रीच्या घाटात ती चढत नाही. तिथं बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, आणि हाकायला लमाण नाहीतर वंजारी. म्हणून चित्रं मांडताना गाडी गडाच्या दारात नेऊ नका. ती पायथ्याला सोडा. तिथून वर गोण्या लादलेल्या बैलांची रांग दाखवा.

महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तलवारीचा विषय नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदरानं वात नेली तर गंजी पेटेल आणि घोडी मरतील, हा विषय आहे. राज्य उभं करणारा माणूस उंदराची काळजी करतो! हा इतिहास आपण पोरांना कुठल्या चित्रातून दाखवणार?

आणि गंमत म्हणजे बैल आपल्याकडे आहेतच. बेंदराला आपण कुंभाराकडून मातीचे बैल आणतो, पुजतो. आपल्याकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठातला, दुसरा आषाढातला. मग दिवाळी येते, मावळे येतात. बैल आणि मावळा एकाच घरात येतात, पण एकमेकांना कधी भेटत नाहीत. पूजा झाली की बैलाची पुन्हा माती होते.

तर माझी विनंती साधी आहे. या बेंदराचे बैल टाकू नका, दिवाळीपर्यंत जपा. काडेपेटीच्या खोक्याची गाडी करा, चिंध्यांच्या गोण्या शिवा, किल्ल्याच्या वाटेवर लावा. आणि घरात जुनी मातीची चित्रं असतील तर ती जपा. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, कुठल्या कुंभारानं केली, कुठल्या साली घेतली, किती पैसे पडले. नुसत्या बाहुल्या जमवल्या तर तो साठा. चिठ्ठी लावली की तो संग्रह. शिसं-कथलाचे शिपाई शंभर वर्षं राहतात, आपली माती एका पावसात जाते. लिहिलं नाही तर मागं काहीच उरणार नाही.

पुढच्या दिवाळीला मी कबनुरातले किल्ले बघायला येणार आहे. मावळे मोजणार नाही, बैल मोजणार.