बांगडी: मर रोगाचं पुण्याकडचं जुनं नाव

टोमॅटोचं झाड सकाळी तरतरीत असतं. दुपारच्या उन्हात शेंडा मान टाकतो, संध्याकाळी पुन्हा सावरतो. दोन-तीन दिवस हे चालतं आणि मग एके दिवशी झाड सावरतच नाही. पानं पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही, हिरवंगार झाड उभ्या उभ्या कोमेजतं. तुम्ही टोमॅटो घेत असाल तर हे पाहिलं असेल, आणि ‘मर लागली’ म्हणून बुरशीनाशकाची आळवणीही केली असेल. ती वाया गेली असणार, कारण ही मर बुरशीची नाहीच. ती जिवाणूची आहे. नाव राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम. माझ्या पीएचडीचा विषय हाच जिवाणू, पण आज प्रयोगशाळा बाजूला ठेवून त्याचा इतिहास सांगते. तो वाचला की ‘यावर औषध कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं मिळतं.

सुरुवात टोमॅटोपासून नाही, बटाट्यापासून करावी लागते. दोघं एकाच कुळातले, रोगही एकच. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबई इलाख्यातल्या नोंदींमध्ये पुणे जिल्ह्यातल्या बटाट्यावरच्या एका रोगाचा उल्लेख येतो, ‘बांगडी’ या नावाने. रोगट बटाटा आडवा कापून पाहा: सालीच्या थोडं आत तपकिरी गोल कडं दिसतं, आणि दाबलं की त्यातून चिकट पांढरट थेंब येतात. ते कडं म्हणजे बटाट्याच्या जलवाहिन्यांचं वर्तुळ. जिवाणू नेमका तिथेच राहतो. सूक्ष्मदर्शक न वापरता शेतकऱ्यांनी रोग जिथे बसतो त्या जागेचं नाव रोगाला दिलं होतं, मला हे फार भारी वाटतं. इंग्रजीतही पुढे हा ‘रिंग डिसीज’ झाला. 1909 मध्ये म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनडाहून आलेल्या शास्त्रज्ञाने याच नावाने त्यावर पुस्तिका काढली.

त्याच काळात युरोपात काय चाललं होतं? जिवाणूंमुळे माणसांना आणि जनावरांना रोग होतात हे मान्य झालं होतं. पण झाडांना? मोठमोठ्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. झाडाचा रस आम्लधर्मी, त्यात जिवाणू कसे वाढणार, असा एक युक्तिवाद होता. खरं तर अमेरिकेत इलिनॉयच्या थॉमस बरिल यांनी नासपतीच्या झाडावरचा रोग जिवाणूमुळे होतो हे 1880 च्या आसपासच दाखवलं होतं. मग 1896 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्विन स्मिथ यांनी टोमॅटो, वांगी आणि बटाटा या तिन्हींवरच्या मरीचा जिवाणू वेगळा काढून त्याचं वर्णन छापलं. लाइपझिगचे आल्फ्रेड फिशर तरीही अडून बसले. दोघांचं भांडण एका जर्मन नियतकालिकात 1901 पर्यंत रंगलं आणि स्मिथ जिंकले. आपल्याकडची बांगडीची नोंद स्मिथ यांच्या वर्णनाच्याही आधीची, हे लक्षात घ्या.

त्यानंतर जिवाणूचं बारसं पुन्हा पुन्हा झालं. बॅसिलस, स्यूडोमोनास, 1992 मध्ये बुर्खोल्डेरिया, 1995 मध्ये राल्स्टोनिया. शिवाय 2014 मध्ये त्याच्या तीन जाती केल्या गेल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातून काही बदललं नाही, म्हणून पुढे जाऊ.

बदललं ते 1950 च्या दशकात, नॉर्थ कॅरोलायनामध्ये. तिथल्या ग्रॅनव्हिल परगण्यात तंबाखूला हीच मर इतकी लागली होती की रोगाचं नावच ‘ग्रॅनव्हिल विल्ट’ पडलं. आर्थर केल्मन यांनी 1953 मध्ये या रोगावरचं तोवरचं सगळं ज्ञान एका ग्रंथात आणलं आणि पुढच्याच वर्षी एक सोपी युक्ती दिली: टेट्राझोलियम घातलेल्या माध्यमावर रोगकारक जिवाणूच्या वसाहती पांढऱ्या, ओघळणाऱ्या, मधे गुलाबी दिसतात, रोग करण्याची ताकद गमावलेल्यांच्या लाल आणि कोरड्या. फरक असतो तो चिकट द्रवाचा. हाच चिकटा जलवाहिन्या तुंबवतो. म्हणजे मातीत पाणी असूनही झाड तहानेनं मरतं. आजही माझ्या टेबलावर त्याच प्लेटा असतात.

आता औषधाकडे येऊ. जिवाणू मुळांतून आत शिरतो आणि जलवाहिन्यांत बसतो, मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं तग धरतो, दोनशेहून जास्त प्रकारच्या झाडांवर जगतो. पानांवर फवारलेलं काहीही तिथे नीट पोचत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत लागण झालेलं झाड खात्रीने बरं करणारी फवारणी निघालेली नाही. दुकानदार काहीही म्हणो.

तंबाखूवाल्यांना वाट सापडली ती बियाण्यात. जगभरातून आणलेले वाण रोगट जमिनीत लावून पाहिले, कोलंबियातला एक टिकला आणि त्यातून 1940 च्या दशकात ‘ऑक्सफर्ड 26’ तयार झाला. टोमॅटोत हे जड गेलं, कारण प्रतिकारशक्ती बरेचदा लहान फळासोबत येते. तरी केरळ कृषी विद्यापीठाचा ‘शक्ती’, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का आभा’, ‘अर्का रक्षक’ असे वाण आले. पण एका भागात टिकलेला वाण दुसरीकडे मार खातो, कारण जिवाणूचे प्रकार वेगळे आणि माती तापली की त्याचा जोर वाढतो.

म्हणून मग कलम. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर टोमॅटो बांधण्याची पद्धत पसरवली. अशी रोपं घेतलीत तर एक सांभाळा: कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. भर लावताना तो झाकला गेला तर वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि जिवाणूला दार उघडं मिळतं.

खात्री करायची असेल तर मरणाऱ्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात, टोक बुडेल असं, हलवता न धरून ठेवा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ही बांगडीच. मग ते झाड मुळासकट काढून रानाबाहेर न्या, त्या सरीचं पाणी दुसऱ्या सरीत जाऊ देऊ नका, आणि पुढची काही पिकं वांगी, मिरची, बटाटा टाळून मका, ज्वारी किंवा पाणी साठणाऱ्या रानात भात घ्या. प्रतिकारक वाण लावला तरी हे करायचंच. तो वाण बरेचदा जिवाणू पोटात घेऊन हिरवागार उभा असतो, आणि त्याच्या बाजूची छाटणी करून तोच विळा तुम्ही पुढच्या रानात नेता.